बत्तीस पानांत आमदार: नाशिकमधल्या परिचयपुस्तिका सेवेचं परीक्षण

आमदार, माजी आमदार आणि ‘भावी’ यांच्यासाठी जी पुस्तिका छापली जाते तिला कार्यकर्ते ‘साहेबांचं पुस्तक’ म्हणतात. छापखान्यात ती ‘बत्तीस पानी डेमी’ असते आणि मुखपृष्ठावर ‘जीवन आणि कार्य’, ‘कार्यअहवाल’ नाहीतर ‘विकासपर्व’. नाशिकमध्ये हे काम एकरकमी घेणारी दुकानं आहेत. मजकूर लिहिणं, मांडणी, छपाई, बाइंडिंग आणि गठ्ठे संपर्क कार्यालयात पोचवणं, सगळं एकाच बिलात. अशाच एका दुकानाच्या पॅकेजचं हे परीक्षण. नाव मुद्दाम घेतलेलं नाही. शहरात अशी सेवा देणारे बरेच आहेत आणि त्यांच्यात फरक असलाच तर डावं-उजवं एवढाच.

निकाल आधीच सांगून टाकतो. छपाईला दहापैकी आठ, मांडणीला सहा, मजकुराला तीन. म्हणजे छपाई बिनधास्त द्यावी, मजकूर मात्र स्वतः तयार करून न्यावा. ज्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथे छपाईचं कौतुक वेगळं काय करायचं! पण चांगल्या कागदावर छापलेली चुकीची तारीख पाच हजार घरांत जाते, हा यातला खरा धोका आहे.

पॅकेजमध्ये मिळतं ते असं: डेमी एक अष्टमांश आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आत ३२ पानं चाररंगी, वर चार पानांचं कव्हर, कव्हरला मॅट लॅमिनेशन, मध्ये दोन पिना. हा आकार दुकानाने उगाच धरलेला नाही. २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटमधून या आकाराची बरोबर ३२ पानं निघतात, एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला १६. मशीन १८ बाय २३ चं असेल तर सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेले दोन संच, होतात. पानं चारच्या पटीत लागतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण स्वस्त पडतात ती सोळाच्या पटीत. ‘साहेबांच्या मातोश्रींवर अजून दोन पानं घाला’ असं ऐन वेळी सांगितलं तर पिन बाइंडिंगमध्ये ती चार करावी लागतात, त्यांच्या प्लेटा वेगळ्या निघतात आणि कागद वाया जातो तो वेगळाच. दुकान यासाठी जादा पैसे लावतं. त्यात लबाडी नाही.

कोटेशन वाचताना एक हिशेब हाताशी ठेवावा. ५००० प्रतींना आतल्या पानांसाठी २३ बाय ३६ ची ५००० शीटं लागतात, म्हणजे १० रिम (५०० शीटांचं एक). ९० जीएसएम (एका चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथोचं, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या छपाई कागदाचं, एक रिम २४ किलो भरतं, १३० जीएसएम आर्ट पेपरचं पावणेपस्तीस किलोच्या आसपास. कव्हरला ३०० जीएसएमची ६२५ शीटं, म्हणजे साधारण १०० किलो. यावर वेस्टेज तीन ते पाच टक्के धरावं, चाररंगी कामात रंग जुळेपर्यंत तेवढी शीटं जातातच. कागदाचा त्या आठवड्याचा किलोमागचा दर विचारायचा आणि गुणून बघायचं. कागद सोडून उरलेली रक्कम प्लेटा, छपाई, लॅमिनेशन, बाइंडिंग आणि ‘मजकूर’ यांची. या दुकानाचं कोटेशन एका ओळीत येतं, फोड मागितली की देतात. मागितल्याशिवाय मिळत नाही.

कागद ठरल्याप्रमाणे आला का हे बोटांनी चाचपून कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. आत १३० जीएसएम आणि कव्हर ३०० असेल तर तयार पुस्तिका ८१ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, लॅमिनेशनचा एखादा ग्रॅम वर. तीच ६७ ग्रॅम भरली तर आत १०० चा कागद आहे. ९० जीएसएम असेल तर ६१-६२. दोन-तीन ग्रॅमचा फरक गिरणीच्या मालातच असतो, त्यावरून वाद घालू नये. एकच प्रत न तोलता दहा एकत्र तोलाव्यात म्हणजे काट्याची चूकही वाटली जाते. आम्ही पाहिलेला माल या कसोटीला उतरला. छपाईचे आठ गुण त्याचेच, आणि रंग सगळ्या फर्म्यांत एकसारखे असल्याचे.

रंगावरून आठवलं. स्क्रीनवर जो भगवा झळाळतो तो छपाईत कधीच तसा येत नाही. स्क्रीन प्रकाशाची, छपाई शाईची. मॅजेंटा साठ-पासष्ट टक्के आणि पिवळा शंभर टक्के धरला तर भगवा बरा उतरतो. त्यात काळ्याचा अंश मिसळला की विटकरी दिसतो. मॅपलिथोवर तर सगळेच रंग फिके पडतात, कारण तो कागद शाई पितो. पक्षाच्या रंगावर भांडण होणार असेल तर ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावरचं प्रूफ मागावं. ऑफिसच्या प्रिंटरवरची प्रत रंगासाठी बघण्यात अर्थ नाही.

मांडणीचे चार गुण कापले ते फोटोंमुळे. कार्यकर्ते व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात, दुकान ते घेतं आणि पानभर लावतं. व्हॉट्सअॅप नेहमीच्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. साडेआठ इंच उंचीच्या पानाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २५५० पिक्सेल लागतात. म्हणजे तो फोटो १९० डीपीआयलाही पोचत नाही. भूमिपूजनाच्या फोटोत मागच्या रांगेतले चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात आणि नेमके मागच्या रांगेतलेच लोक ‘आपला फोटो आहे का’ म्हणून पुस्तिका उघडतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढी एक सूचना दुकानाने दारावर लावली तरी काम भागेल. लहान फोटोसाठी ही अडचण नाही. पाव पानाला १६०० पिक्सेल भरपूर झाले.

दुसरं म्हणजे वरची पट्टी. मुखपृष्ठाच्या माथ्यावर नेत्यांचे गोल किंवा कापलेले फोटो असतात, डावीकडून उजवीकडे मानाप्रमाणे. कुणाचं डोकं किती मोठं, कोण आधी, कोण मध्ये, यावर छपाईपेक्षा जास्त वेळ जातो. दुकानाकडे तयार पट्ट्यांच्या फाइली आहेत आणि तिथेच घात होतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. त्याआधीची फाइल उघडून फक्त मधला चेहरा बदलला की एका बाजूला नको ते साहेब राहून जातात. पट्टी प्रत्येक वेळी कोरी करून घ्यावी आणि जिल्हाध्यक्षांकडून कागदावर सही घेऊनच पुढे जावं. हा सल्ला जरा सरकारी वाटेल, पण पाच हजार कव्हरं रद्दीत घालण्यापेक्षा बरा.

आता मजकूर. परीक्षणाचा मोठा भाग यावरच जाणार आहे, कारण लोक पैसे छपाईचे मोजतात आणि बदनामी मजकुराने होते.

दुकानाचा लेखक एक छापील फॉर्म देतो: नाव, जन्मतारीख, शिक्षण, भूषवलेली पदं, पुरस्कार, ‘विशेष कार्य’. स्वीय सहायक तो भरतो, लेखक त्याची वाक्यं करतो. पडताळणी कोणीच करत नाही. फॉर्ममध्ये ‘सन’ असा रकानाच नाही, फक्त ‘पदे’. त्यामुळे जीवनपटात पदांची रांग लागते आणि कोणतं कधी हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

राज्य पातळीवरच्या कारकिर्दीत पदांची नावं हीच पहिली खाच. विधानसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात, विधान परिषदेत सभापती आणि उपसभापती. पंचायत समितीतही सभापती-उपसभापतीच. जिल्हा परिषदेत अध्यक्ष-उपाध्यक्ष, पण विषय समित्यांना पुन्हा सभापती. दिंडोरीचे नरहरी झिरवाळ २०२० मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले, ते ‘उपसभापती’ नव्हेत. पंचायत समितीपासून चढत आलेल्या माणसाच्या जीवनपटात हे शब्द चार-पाचदा येतात, म्हणून प्रत्येक पदापुढे संस्थेचं नाव लिहिणं हाच उपाय. नुसतं ‘सभापती’ लिहू नये.

तीच गत मंत्रिपदाची. कॅबिनेट मंत्री आणि राज्यमंत्री हे दोन वेगळे. एखाद्या महामंडळाच्या अध्यक्षाला ‘राज्यमंत्री दर्जा’ मिळाला म्हणून तो राज्यमंत्री होत नाही. पालकमंत्री ही जिल्ह्याची नेमणूक आहे, मंत्रिमंडळातलं वेगळं खातं नाही. नावामागच्या अक्षरांचंही तसंच: आ. म्हणजे आमदार, खा. म्हणजे खासदार, आणि ना. म्हणजे नामदार, जे मंत्र्यांना लावतात. मंत्रिपद गेलं की ‘ना.’ जातो. दुकानाच्या नमुन्यांत तो चिकटून राहिलेला दिसतो, कारण मागच्या निमंत्रणपत्रिकेतून नाव जसंच्या तसं उचललेलं असतं.

टर्म मोजणं ही दुसरी खाच. ‘सलग चार वेळा’ आणि ‘चार वेळा’ यांत फरक आहे. विधान परिषदेची टर्म सहा वर्षांची, विधानसभेची पाच, आणि विधानसभा मुदतीआधी बरखास्त झाली असेल तर त्याहून कमी. १९७८ ची विधानसभा १९८० मध्येच गेली, त्यामुळे त्या काळातल्या माणसाची ‘दोन टर्म, दहा वर्षं’ ही बेरीज चुकते. पोटनिवडणुकीतून आलेल्याला तर उरलेलाच काळ मिळतो. सांगायचं असेल तर वर्षांनी सांगावं, टर्मने नव्हे.

उदाहरण म्हणून जिल्ह्यातल्याच एका कारकिर्दीकडे बघू. छगन भुजबळांचा जीवनपट बत्तीस पानांत बसवायला कठीण, कारण त्यात महापालिका, विधानसभा आणि विधान परिषद अशी तिन्ही सभागृहं येतात. जन्म १५ ऑक्टोबर १९४७. मुंबईचे महापौर दोनदा, पहिल्यांदा १९८५ मध्ये. विधानसभेवर १९८५ आणि १९९० मध्ये माझगावमधून. १९९१ अखेर शिवसेना सोडली. पुढे विधान परिषदेत विरोधी पक्षनेते. १९९९ मध्ये उपमुख्यमंत्री, पुन्हा २००८ मध्ये. आणि २००४ पासून २०२४ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत येवल्यातून विजय. आता यातून ‘किती वेळा आमदार’ हा आकडा काढताना परिषद धरायची की नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ‘सलग पाच वेळा’ हे फक्त येवल्यालाच लावता येतं. मध्ये २०१४ ची नाशिक लोकसभा आहे, जी ते हरले. दुकानाच्या साच्यात पराभवाला रकाना नाही. वाचणाऱ्याला मात्र तो आठवत असतो, आणि गाळलेली ओळ छापलेल्या ओळीपेक्षा जास्त वाचली जाते. एका ओळीत पराभव लिहून पुढे जाणारी पुस्तिका जास्त खरी वाटते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मतदारसंघांच्या नावांत दुकान हमखास गडबडतं. आज जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत: नांदगाव, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण, कळवण, चांदवड, येवला, सिन्नर, निफाड, दिंडोरी, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. ही रचना २००९ च्या निवडणुकीपासूनची. त्याआधी ‘नाशिक पश्चिम’ नव्हता, ‘मालेगाव बाह्य’ नव्हता. दादा भुसे २००४ मध्ये निवडून आले ते दाभाडीतून, आणि २००९ पासून मालेगाव बाह्यमधून. जीवा पांडू गावित सात वेळा आमदार झाले, आधी सुरगाण्यातून आणि पुनर्रचनेनंतर कळवणमधून. १९९५ च्या निवडणुकीपुढे आजचं नाव छापलं की जुने कार्यकर्ते लगेच हसतात. तसंच जुन्या सभागृहांचं: १९६० च्या आधी महाराष्ट्र विधानसभा नव्हतीच. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९३७ मध्ये गेले ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात. ‘प्रेरणास्थान’ या पानावर त्यांचं छायाचित्र जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असतं, म्हणून हे सांगावंसं वाटलं. कर्मवीर हाही शब्द एकटा सोडू नये. जिल्ह्यात कर्मवीर काकासाहेब वाघही आहेत, आणि बाहेरगावच्या मांडणीकाराला कर्मवीर म्हटलं की भाऊराव पाटीलच आठवतात. फोटो एकाचा आणि ओळ दुसऱ्याची, हे तिथूनच होतं.

पक्षाचं नावही त्या वर्षी जे होतं तेच लिहावं. २०१९ चा विजय लिहिताना पुढे कंसात आजचा गट घालायचा नाही. तेव्हा शिवसेना एक होती आणि राष्ट्रवादीही एक होती. गट, नवं नाव, चिन्ह हे सगळं २०२२ नंतरच्या ओळींत यावं.

पडताळणी कशाशी करायची, हे दुकान सांगत नाही म्हणून इथे सांगतो. उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. त्यात वय, शिक्षण, उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे हे सगळं असतं. पुस्तिकेत ‘पदवीधर’ आणि प्रतिज्ञापत्रात ‘द्वितीय वर्ष’ असेल तर विरोधकांना दुसरा मुद्दाच लागत नाही. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे दोन कागदांत फरक दिसला तर सहसा चूक पुस्तिकेतली असते. शिक्षण, वय आणि नावाचं स्पेलिंग एवढं तरी या कागदावरून घ्यावं, फॉर्मवरून नव्हे. निवडणुकांच्या निकालासाठी आयोगाचे निकाल-अहवाल आणि सभागृहातल्या कामासाठी विधिमंडळाचं कामकाज बघावं. जुन्या काळासाठी वर्तमानपत्रांच्या फाइली चाळाव्या लागतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, चौकशी तिथून सुरू करायला हरकत नाही.

‘सभागृहातील कामगिरी’ या पानावर दुकान सरसकट ‘प्रश्न मांडले’ लिहितं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक ही वेगवेगळी आयुधं आहेत. शिवाय दिलेला प्रश्न, स्वीकारलेला प्रश्न आणि प्रत्यक्ष सभागृहात चर्चेला आलेला प्रश्न यांतही अंतर असतं. प्रकार, अधिवेशन आणि विषय लिहिला तर एक पान चार पानांचं काम करतं.

मग येतो तो आकडा. प्रत्येक पुस्तिकेच्या मधल्या पानावर, पिना असतात तिथे, मोठ्या टाइपात ‘इतके कोटींची विकासकामे’. आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी आहे. तो २ कोटींवरून टप्प्याटप्प्याने वाढत २०२२-२३ पासून ५ वर आला, म्हणून २०१९ ते २०२४ या टर्मला सरळ २५ कोटी धरणंही चूक. यापुढचा सगळा पैसा अर्थसंकल्पातला, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा नियोजनाचा, केंद्राच्या योजनांचा. त्यात आमदाराचा पाठपुरावा असतो, नाही असं नाही, पण ‘निधी दिला’ आणि ‘निधी आणला’ यांत क्रियापदाचाच फरक आहे आणि तो पाळावा. शिवाय प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण, या पाच पायऱ्या आहेत. दुकानाचा लेखक पहिल्या पायरीवरचं कामही पूर्ण झालेल्यांत बेरीज करतो. सिंहस्थाच्या निमित्ताने तर गोदावरीवरचा एकच पूल तीन पुस्तिकांत तीन जणांच्या नावावर सापडायला वेळ लागत नाही. यादीला ‘सद्यस्थिती’ असा एक रकाना वाढवायचा: मंजूर, सुरू, पूर्ण. आकडा लहान होतो, पण गावात उभं राहून वाचून दाखवता येतो.

फाँटबद्दल थोडंसं. मजकूर जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटात टाइप होतो आणि फेसबुकसाठी युनिकोडमध्ये बदलला जातो, किंवा उलट. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. रूपांतर नीट झालं नाही की ‘विकास’चं ‘वकिास’ होतं आणि ‘कार्य’चा रफार भलतीकडे जाऊन बसतो. प्रूफ वाचताना आधी सगळ्या ‘ि’ आणि रफार असलेले शब्द बघावेत, मग गावांची नावं. त्र्यंबकेश्वरचं ‘त्रंबकेश्वर’, देवळ्याच्या जागी देवळाली. अर्थ वाचणारा आणि अक्षरं वाचणारा असे दोघं वेगळे हवेत. पॅकेजमध्ये दोन प्रूफं आहेत, तिसऱ्याचे पैसे पडतात. पहिलं प्रूफ मजकुराचं, दुसरं मांडणीसह, असं वापरलं तर दोन पुरतात. प्लेट निघाल्यावर दुरुस्ती म्हणजे त्या फर्म्याच्या त्या बाजूच्या, रंगामागे एक अशा, चारही प्लेटा नव्या. फक्त काळ्या अक्षरात चूक असेल तर एकच काळी प्लेट बदलून भागतं, हे दुकान आपणहून सांगत नाही. विचारावं.

कायद्याच्या बाजूला दुकान चोख आहे, आणि हे कौतुकाने लिहायला हवं. निवडणुकीत उमेदवाराच्या प्रचारासाठी जे पत्रक किंवा पुस्तिका छापली जाते, तिच्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते असलेच पाहिजेत, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ सांगतं. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीबद्दलचं घोषणापत्र दोन प्रतींत, सही करून, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह मुद्रकाला द्यायचं. मुद्रकाने ते छापील प्रतीसह पाठवायचं. राजधानीत छपाई असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, नाशिकसारख्या ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले, ही माहितीही आयोग मागतो. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकान ऑर्डर घेतानाच घोषणापत्राचा कोरा नमुना पुढे करतं आणि सह्या झाल्याशिवाय मशीनवर काम चढवत नाही. ‘उद्या देतो सही, आज छापा’ ही गोष्ट इथे चालत नाही, ती चालवूही नये.

खर्चाचं मात्र उमेदवाराने स्वतः बघायचं. विधानसभेला महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या खर्चाची. आचारसंहितेआधी छापून ठेवलं म्हणून सुटका होत नाही. अर्ज भरल्यानंतर ते साहित्य वाटलं तर त्याचा खर्च धरावा लागतो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, तेव्हा बिलावर प्रतींची संख्या आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची संख्या एकच हवी. पुस्तिकेवर ‘प्रती ५०००’ आणि बिलावर ‘७०००’ असं असेल तर समजावत बसावं लागतं. पॅकेजमधल्या ‘मजकूर लेखन’ या भागाचंही वेगळं बिल घ्यावं.

पोच वेळेवर होते. शंभराचा एक गठ्ठा, तपकिरी कागदात, वर एक नमुना प्रत चिकटवलेली. ६२ ग्रॅमची पुस्तिका असेल तर गठ्ठा सहा किलोच्या थोडा वर भरतो. ५० गठ्ठे मोजून घ्यावेत आणि तीन-चार गठ्ठे मधूनच फोडावेत. वरच्या प्रती चांगल्याच असतात, गडबड असलीच तर गठ्ठ्याच्या पोटात: एखादा फर्मा उलटा लागलेला, पान ९ च्या जागी पुन्हा पान १, नाहीतर कटिंगमध्ये पानक्रमांक अर्धे गेलेले. असं सापडलं तर दुकान तेवढ्या प्रती बदलून देतं, पण सात दिवसांच्या आत.

शेवटी एक मागून घ्यायला विसरू नये: पेनड्राइव्हवर ओपन फाइल, म्हणजे मांडणीची दुरुस्त करता येणारी मूळ फाइल, सोबत वापरलेले फाँट आणि मूळ फोटो. दुकान पीडीएफ देतं आणि काम झालं म्हणतं. पीडीएफमध्ये शब्द सहज बदलता येत नाहीत, आणि पाच वर्षांनी ‘दुसऱ्यांदा’चं ‘तिसऱ्यांदा’ करायचं असो, की ‘आमदार’च्या आधी ‘माजी’ घालायचं असो, तेवढ्या एका शब्दासाठी बत्तीस पानांची मांडणी पुन्हा पहिल्यापासून आकारली जाते.